प्रकाशकाचा करार आलाय, 'सर्व हक्क कायमस्वरूपी' लिहिलंय, सही करू की नको?

वावरातली_वही

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातली, गावाचं नाव राहू द्या. घरी शिलाई मशीन आहे, ब्लाउज, परकर, शाळेचे युनिफॉर्म शिवते आणि सहा-सात वर्षांपासून कथा लिहून राहिली. दोन दिवाळी अंकात आल्या, तीन एका साप्ताहिकात. आता बारा झाल्या, सगळ्या आपल्या वऱ्हाडीत, म्हणजे फक्त बोलणंच नाही तर निवेदन पण वऱ्हाडीतच.

एका प्रकाशकाला (शहर सांगत नाही) फाइल मेल केली होती, दीड महिन्यानं फोन आला की आवडलं, काढू आपण. त्या दिवशी मी दोन ब्लाउजाच्या बाह्या उलट्या लावल्या, सांगून देते.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर करार आला, चार पानं, आणि आठ दिवसात सही करून स्कॅन पाठवा म्हणतात. कलम ३ असं आहे, जसंच्या तसं टाकते: "लेखिका प्रस्तुत साहित्यकृतीचे सर्व हक्क, सर्व भाषांत व सर्व माध्यमांत, संपूर्ण जगासाठी, कायमस्वरूपी प्रकाशकास हस्तांतरित करीत आहे." कलम ५ मध्ये पहिल्या आवृत्तीवर मानधन नाही, त्यानंतर 'नक्त वसुलीच्या १०%'. कलम ९ मध्ये माझी पुढची दोन पुस्तकं आधी त्यांनाच द्यायची. आणि वरून ३५,००० रुपये 'निर्मिती सहयोग' मीच द्यायचा, त्यात ३,००० आयएसबीएनचे (पुस्तकाचा ओळख क्रमांक). ३०० प्रती काढू, ५० तुम्हाला देऊ हे फोनवर बोलले, करारात प्रतींचा आकडा कुठंच नाही.

पण मला खरं टोचलं ते कलम ६. "भाषा व आशय यांत आवश्यक ते बदल करण्याचा पूर्ण अधिकार प्रकाशकाचा राहील." नमुना म्हणून पहिली कथा त्यांनी दुरुस्त करून पाठवली. माझी ओळ होती, माय म्हने, पोरी, भाकर वायली त पानी लावून खाय. त्याचं झालं, आई म्हणायची, मुली, भाकरी वाळली तर पाणी लावून खा. आता ही कोणाची आई हो? माझी तर नाही.

घरी म्हणतात नाव होते, देऊन टाक. पण ३५ हजारात आमचं सोयाबीनचं बी-बियाणं अन् खत निघते. असे करार असेच असतात का, आणि बदल मागितला तर ते पुस्तकच नाही म्हणतील का?

पऱ्हाटी_७

ताई सही करू नका. पैसे तुमचे, कथा तुमच्या, अन् मालक तो? म्हैस आपली, कुटार आपलं अन् दूध त्याचं, असं झालं हे.

सदाशिव_वाचक

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मराठीत पुस्तकावर पोट कोणाचं भरतं? हक्क हक्क करून कोणाला काय मिळालंय, पहिलं पुस्तक येणं महत्त्वाचं, ते एकदा हातात आलं की पुढच्या वेळी अटी घालता येतात. आणि प्रमाण भाषेत केलं तर वाचक वाढेल हेही खरंच आहे ना, पुण्या-मुंबईच्या वाचकाला 'वायली' कळणार कसं?

पऱ्हाटी_७

सर आम्ही तुमचं 'कोथिंबिरीची जुडी' शाळेत असतानाच शिकलो, इकडं आम्ही सांभार म्हणतो तरी. तुम्ही एक 'वायली' शिका.

बांधावरचा_वकील

ताई, मी दिग्रसकडं दिवाणी कामं करतो, निम्मी वावराच्या भांडणाची. पुस्तकाचा करार माझ्याकडं वर्षात एखादाच येतो पण कायदा वाचलेला आहे, म्हणून वावराच्याच भाषेत सांगतो, आपल्याला तेच लवकर कळते.

वावर दोन प्रकारे देता येते. एक तर खरेदीखत करून द्या, सातबाऱ्यावरून तुमचं नाव गेलं, संपलं. नाही तर मक्त्यानं द्या, दोन साल, तीन साल, पिकाचं पीक त्यानं घ्यावं, ठरलेली रक्कम द्यावी, मुदत झाली की वावर परत. तुमच्या करारातलं कलम ३ म्हणजे खरेदीखत आहे, आणि विशेष म्हणजे विकणारीच पैसे देऊन राहिली. मी इतक्या वर्षात असं खरेदीखत पाहिलं नाही.

आता कायदा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा, कुठं नोंदणी केली नाही तरी. नोंदणी केली तर पुरावा म्हणून बरी, पण ती नाही म्हणून हक्क नाही असं नसते. हा हक्क तुमच्या हयातीत आणि तुमच्यानंतर ६० वर्षं चालते, म्हणजे तुमच्या नातवंडापर्यंत जाणारी इस्टेट आहे ही. 'कायमस्वरूपी' लिहून तुम्ही नातवंडाचं पण देऊन टाकून राहिल्या.

आणि हा एक हक्क नाही, मोळी आहे मोळी. मराठी छापील पुस्तक ही एक काडी, ईबुक दुसरी, ऑडिओ तिसरी, हिंदी-इंग्रजी अनुवाद, नाटक, सिनेमा, वेबसिरीज, अभ्यासक्रमात धडा, सगळ्या वेगवेगळ्या काड्या. प्रकाशकाला छापील मराठी पुस्तक काढायचं आहे ना, मग ती एक काडी द्या. मोळी कायले देता?

कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचून घ्या, इंटरनेटवर फुकट आहे. हस्तांतरण लेखी पाहिजे, तुमच्या सहीचं पाहिजे, त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला काय हे लिहिलेलं पाहिजे. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ५ वर्षं धरते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरते. आणि हक्क घेऊन एक वर्ष नुसता दाबून ठेवला, वापरलाच नाही, तर तेवढा हक्क पडतो, पण 'करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर' अशी मेख आहे त्यात. म्हणूनच ज्याला कायदा माहीत आहे तो मसुद्यात 'कायमस्वरूपी' अन् 'संपूर्ण जगासाठी' घालून ठेवते, म्हणजे कायद्याची ही सावली तुमच्यावर पडूच नाही.

२०१२ च्या दुरुस्तीनं अजून एक चांगली गोष्ट झाली. करार करताना जे माध्यम चालूच नव्हतं, त्याचा हक्क आपोआप जात नाही, त्याचं नाव घेऊन लिहिलं असेल तरच जाते. माझ्या वाचनाप्रमाणं 'पुढे येणारी सगळी माध्यमं' असं मोघम लिहून भागत नाही. पण आपण भांडणाची वेळ कशाला येऊ द्यायची.

कलम ६ बद्दल रात्री लिहितो, पक्षकार आले.

वावरातली_वही

वकीलसाहेब लई उपकार. मक्त्याचं एकदम डोक्यात बसलं, आमचंच दोन एकर मक्त्यानं दिलेलं आहे. एक विचारू का, ज्या कथा आधी साप्ताहिकात आल्या त्यांचा हक्क अजून माझाच आहे का? तिथं तर काहीच सही केली नव्हती, मानधन पण एकदाच २०० रुपये आलं. आणि समजा सगळे हक्क दिले, तर मी माझीच कथा शाळेच्या गॅदरिंगात वाचू शकते की नाही?

जुना_प्रूफवाला

वकीलसाहेब येईपर्यंत मी माझं सांगतो. मी नागपूरला महालात एका प्रेसवर प्रूफं तपासायचो, खिळे जुळवायच्या जमान्यापासून ते कॉम्प्युटरवरच्या डीटीपीपर्यंत, आता घरी बसून हौसेनं करतो. करार फार कमी पाहिले पण हिशेब लई पाहिले.

पहिली गोष्ट, आयएसबीएनचे ३,००० कशाचे? आपल्या देशात आयएसबीएन फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी आहे, केंद्राच्या शिक्षण खात्याखाली, ती एक पैसा घेत नाही, आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही देते. फॉर्म भरायची मेहनत म्हणून कोणी पाच-पन्नास मागितले तर ठीक. तीन हजार लावणारा माणूस बाकीच्या आकड्यात काय करत असेल ते तुम्हीच समजा.

दुसरी, 'नक्त वसुली'. ताई तुम्ही कापूस विकता का? मग कट्टी माहीत असेल. भाव बोलला एक, मग ओल्याची कट्टी, पत्तीची कट्टी, हमाली, तोलाई, हातात काय येते ते पावतीवर. नक्त वसुली म्हणजे कट्टीनंतरचा भाव. धरा तुमचं पुस्तक १२८ पानी, म्हणजे १६ पानांचे ८ फर्मे, किंमत २०० रुपये. छापील किमतीवर १०% म्हणजे प्रतीमागे सरळ २० रुपये, डोळे झाकून. आता विक्रेत्याला ५०% कमिशन दिलं असं प्रकाशकानं दाखवलं की त्याच्या हातात १०० रुपये, त्याचे १०% म्हणजे १०. त्यातून पार्सल, पॅकिंग, जाहिरात वजा केली की ८, ७, जितकं कापता येईल तितकं. करारात 'नक्त' म्हणजे काय वजा होणार ते लिहिलेलंच नसते, म्हणून 'छापील किमतीवर' हे दोन शब्द मागा. टक्का कमी झाला तरी चालेल. छापील किमतीचे ८% हे नक्त वसुलीच्या १०% पेक्षा जास्त होतात, १६ रुपये येतात, मांडून पाहा.

तिसरी, 'पहिली आवृत्ती'. आवृत्ती किती प्रतींची ते लिहिलेलं नाही म्हणता, तर ती आवृत्ती कधी संपणारच नाही. मी अशी पुस्तकं पाहिली जी पाच वर्षं 'पहिली आवृत्ती'च होती आणि मधे तीनदा छपाईला आली, मशीनवर मीच उभा होतो. आता तर डिजिटल छपाई आहे, ५० प्रती पाहिजे तर ५० निघतात, गठ्ठे ठेवायची गरज नाही. म्हणून 'पहिली आवृत्ती ३०० प्रतींची' असा आकडा लिहून घ्या आणि पहिल्या प्रतीपासूनच मानधन मागा. का नाही द्यायचं? पैसे तर तुम्ही भरून राहिल्या.

आणि एक सोपं काम सांगतो. तुमच्या गावात किंवा दारव्ह्यात सार्वजनिक वाचनालय असेल. जा आणि दहा-बारा कथासंग्रह काढून पहिलं पान उलटा. मागच्या बाजूला प्रकाशक, मुद्रक, आवृत्तीची तारीख, किंमत असते, तिथंच हक्क कोणाचे तेही छापलेलं असते. पाहा कोणाचं नाव आहे. मग तुम्हालाच कळेल की लेखकाकडं हक्क ठेवणं हे काही जगावेगळं मागणं नाही.

बांधावरचा_वकील

प्रूफवाले काकांनी कट्टीचं बेस सांगितलं, मी कोर्टात वापरीन.

ताई, साप्ताहिकात तुम्ही नोकरीला नव्हत्या, लेखी हस्तांतरण काही नाही, म्हणजे कथा तुमच्याच. फक्त पुस्तकात 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून नाव द्या, ती रीत आहे. गॅदरिंगचं म्हणाल तर तिकीट न लावता हौशी लोकांनी वाचलं-केलं तर कायद्यात सूट आहे, तेवढ्यापुरतं कोणी अडवत नाही. पण तीच कथा दुसऱ्या संग्रहात घ्यायची, कोणाला शॉर्ट फिल्मला द्यायची तर तुम्हाला तुमच्याच कथेसाठी प्रकाशकाच्या पाया पडावं लागेल.

आता कलम ६. कॉपीराइट कायद्यात ५७ नंबरचं कलम आहे, लेखकाचे विशेष हक्क. सगळे हक्क विकले तरी दोन गोष्टी तुमच्याकडंच राहतात. एक, ही कृती माझी आहे हे सांगायचा हक्क. दोन, तुमच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड केली तर ती अडवायचा हक्क. ऐकायला छान आहे, पण 'मले'चं 'मला' केल्यानं प्रतिष्ठेला धक्का लागला हे कोर्टात सिद्ध करायला तुमची दहा वर्षं अन् माझी फी. त्यापेक्षा करारातच एक ओळ टाका: "अंतिम प्रूफवर लेखिकेची लेखी संमती असल्याशिवाय पुस्तक छपाईस जाणार नाही. वऱ्हाडी बोलीतील शब्द, रूपे व उच्चार लेखिकेच्या संमतीशिवाय बदलले जाणार नाहीत." संपली गोष्ट. शुद्धलेखनाच्या, टायपिंगच्या चुका त्यांनी खुशाल काढाव्यात.

झाडीचा_नाटकवाला

मी ब्रह्मपुरीकडला जी. पुस्तक नाही काढलं कधी पण संहिता लिहितो, झाडीपट्टीच्या, म्हणजे इकडल्या पूर्व विदर्भाच्या नाटकांसाठी. वकीलसाहेबांनी मोळी म्हटलं म्हणून लिहून राहिलो, कारण मी आख्खी मोळीच देऊन बसलो होतो.

बारा-तेरा वर्षं झाली. वडशाच्या एका कंपनीला नाटक दिलं, ८,००० रुपये रोख, आणि वहीच्या पानावर मी लिहून दिलं, नाटक दिले, रक्कम मिळाली, खाली सही. त्या सीझनला माझं नाव होतं पोस्टरवर. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की रोज एका गावात प्रयोग, तीन-साडेतीन महिने धंदा, मला वाटलं बरंच झालं, नाव तर होऊन राहिलं. पुढच्या साली एका गावात शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला गेलो, रात्री नाटक होतं, नाव वेगळंच, लेखक वेगळाच. ब्लँकेट घेऊन बसलो पब्लिकमध्ये. पहिल्या अंकातच माझी नायिका आली अन् माझाच डायलॉग बोलली. बाजूचा म्हातारा म्हणे, काय लिहिलं रे बावा यानं. मी काय सांगू त्याला? मी नायिकेला शेवटी जिवंत ठेवली होती, लेकरासाठी उभी राहते ती. यांनी पहाटे चारला तिला मारून टाकलं, रडणं जास्त पाहिजे म्हणून. अन् मधात दोन गाणे टाकले कॉमेडीचे.

तेव्हापासून मी प्रयोगाच्या हिशेबानं देतो, सीझनपुरतं, एका कंपनीला, नाव बदलायचं नाही अन् शेवट बदलायचा नाही. पैसे कमीच मिळतात, खोटं नाही बोलणार. दोन कंपन्या सोडून गेल्या, एक राहिली.

बांधावरचा_वकील

नाटकवाले दादा, वहीच्या त्या पानावर मुदत नव्हती म्हणजे ५ वर्षांच्या वर त्याचा हक्क धरता आला नसता, आणि नाव काढणं तर ५७ मध्ये सरळ बसते. त्या वेळी नोटीस दिली असती तर जमलं असतं.

झाडीचा_नाटकवाला

आता कंपनीच बसली जी त्याची. कर्जात गेला बिचारा. कोणाला नोटीस देऊ.

वावरातली_वही

दादा तुमचं वाचून काटा आला अंगावर. ब्लँकेट घेऊन आपलंच नाटक पाहणं.

मी कालच दारव्ह्याला वाचनालयात जाऊन आली काका. अकरा पुस्तकं काढली, ग्रंथपाल बाई म्हणे पंचनामा करून राहिली का. तीन ठिकाणी हक्क प्रकाशकाकडं, बाकी आठ ठिकाणी लेखकाकडं, आणि त्यातले चार तर लेखकाच्या बायकोच्या नावानं! सौ. अमुक तमुक. हे का बरं असते?

जुना_प्रूफवाला

ती जुनी पद्धत आहे पोरी. उत्पन्न, वारसा, प्रेम, काय वाटेल ते कारण. माझ्या माहितीतले एक जण म्हणायचे, लिहिताना मी घरात नसतो, म्हणून निदान कागदावर तरी तिचं नाव.

छोटा_प्रकाशक

मी अमरावती भागात पुस्तकं काढतो, वर्षाला आठ-दहा. आमच्या लोकांना इथं बरंच बोलणं बसून राहिलं, ते काही अंशी बरोबर आहे पण दुसरी बाजू सांगतो, मग तुम्हाला मागायचं कसं तेही सांगतो.

कथासंग्रह विकत घेणारा वाचक हाताच्या बोटावर मोजण्याइतका. आमचा आधार म्हणजे गावोगावची वाचनालयं. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग, त्यांना सरकारचं अनुदान आलं की ते पुस्तकं घेतात, न आलं की बिल लटकतं. माझी दोन वर्षांपूर्वीची बिलं अजून येऊन राहिली. कागदवाला मात्र उधारी देत नाही. म्हणून नवीन लेखकाच्या पुस्तकात आम्ही त्यालाच सहभागी करून घेतो. यात लबाडीच असते असं नाही. पण माझं साधं तत्त्व आहे, पैसे लेखकाचे लागले तर मालकी लेखकाची. मी तिथं कामाचे पैसे घेणारा माणूस आहे, शिंप्यासारखा. ताई तुम्ही शिलाई घेता म्हणून गिऱ्हाईकाचा ब्लाउज ठेवून घेता का? पैसे मी घातले तर मी हक्क मागीन, तेही मराठी छापील आणि ईबुक, पाच-सात वर्षं. अनुवाद-सिनेमा मी विकून देणार असेन तर त्यात माझा वाटा, नाही तर नाही.

मागितल्यानं पुस्तक नाही म्हणतील का, हे तुम्ही विचारलं आणि त्याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. चार पानांचा मसुदा हा बहुतेक वेळा कोणीतरी कधीतरी टाइप केलेला असतो आणि तोच सगळ्यांना जातो. माझाही तसाच होता, माझ्या आधीच्या एका मित्राकडून घेतलेला, मी स्वतः तो नीट वाचला तेव्हा माझ्याकडं सोळा पुस्तकं झाली होती. त्यामुळं लेखकानं विचारलं तर बहुतेक प्रकाशक चिडत नाही, दचकतो. फोनवर भांडू नका, लेखी पाठवा, एकाच वेळी सगळं पाठवा, रोज एक नवीन मुद्दा काढला की माणूस वैतागतो. आठ दिवसांची मुदत वगैरे काही नसतं, आम्हाला छपाईला तीन महिने लागतात तेव्हा कुठं जाते ती घाई.

असं लिहा: "आपला मसुदा मिळाला, आभार. पुस्तक आपल्याकडूनच यावे अशी माझी इच्छा आहे. पुढील ठिकाणी बदल सुचवते. कलम ३: लेखिका फक्त मराठी छापील पुस्तकाचा हक्क, भारतापुरता, करारापासून ५ वर्षांसाठी प्रकाशकास देत आहे, बाकी सर्व हक्क लेखिकेकडे राहतील. कलम ५: पहिल्या प्रतीपासून छापील किमतीवर मानधन, दर आवृत्तीच्या प्रतींची संख्या लेखी, ३१ मार्चपर्यंतचा हिशेब दरवर्षी ३० जूनच्या आत. कलम ६: वकिलांनी वर दिलेला मजकूर. कलम ९: वगळावे." आणि एक कलम नवीन घाला, पुस्तक सहा महिने बाजारात मिळत नसेल आणि लेखी कळवूनही तीन महिन्यांत छापलं नाही तर हक्क आपोआप परत, उरलेल्या प्रती रद्दीत घालण्याआधी लेखिकेला रद्दीच्या भावात विचारायचं. हे शेवटचं लई लोक विसरतात आणि मग आपलीच पुस्तकं फुटपाथवर पाहतात.

सगळं मिळणार नाही. कशावर अडून बसायचं आणि काय सोडायचं हे आधी ठरवा, एका कागदावर.

सदाशिव_वाचक

छोटा_प्रकाशक यांचं पटलं. माझं ते 'पहिलं पुस्तक येऊ द्या' मागं घेतो. 'वायली' मात्र मला संदर्भानं कळलं होतं, नंतर लक्षात आलं.

जुना_प्रूफवाला

ताई अजून एक. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. जाहिरात आली की हस्तलिखित मागवतात. वेळ लागतो पण पाठवून ठेवायला काय जाते. आणि नागपूरला विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ पासूनची संस्था, तिथं कोणी ना कोणी करार पाहिलेला माणूस भेटते, सीताबर्डीला उतरून विचारा.

वावरातली_वही

दहा-बारा दिवसांनी लिहून राहिली, लग्नसराई होती, मान वर करायला फुरसत नव्हती.

मी कागदावर लिहिलं, भाषा सोडायची नाही, मुदत सोडायची नाही, बाकी पाहू. मग छोटा_प्रकाशक दादांनी दिलं तसंच मेल पाठवलं. दोन दिवस काहीच नाही, मला वाटलं गेलं पुस्तक. तिसऱ्या दिवशी फोन. आधी म्हणे तुम्हाला कोणी शिकवलं हे. मी म्हटलं वाचून शिकली. मग अर्धा तास बोलले, आवाज चढला नाही त्यांचा.

आयएसबीएनचे ३,००० त्यांनी आपणच काढून टाकले, मी नुसतं विचारलं की हा सरकारला भरायचा असते का, तर म्हणे नाही नाही ते चुकून राहिलं. पुढच्या दोन पुस्तकांचं कलम लगेच काढलं. मुदत ते दहा वर्षं म्हणत होते, मी पाच, सातवर थांबलो. छापील मराठी अन् ईबुक त्यांच्याकडं, अनुवाद कोणी मागितला तर अर्धा-अर्धा, नाटक-सिनेमा माझ्याकडं (नाटकवाल्या दादांचं डोक्यात होतं). मानधन छापील किमतीवर ८%, पण ३०० प्रतींच्या नंतरच, तिथं ते हललेच नाही. उरलेल्या ३२ हजारावर पण हलले नाही, फक्त माझ्या ५० प्रतींच्या १०० केल्या. म्हणजे २०० रुपयांनी सगळ्या विकल्या तर २० हजार येतात, बाकी १२ अंगावर. ते माझ्या मनाला अजून लागून राहिलं, त्यामुळं सही नाही केली, नवलेखकच्या जाहिरातीची वाट पाहू की शिलाईतून भरू ते ठरवून राहिली.

भाषेचं शेवटी काढलं मी. म्हणे ताई, तुमची वऱ्हाडी ठेवतो पण शेवटी शब्दार्थ देऊ, दोन पानं. मी म्हटलं द्या, पण शब्दार्थ मीच लिहीन. त्यात 'वायली' सगळ्यात वर टाकते.

पऱ्हाटी_७

सांभार पण टाका.

छोटा_प्रकाशक

पहिल्याच वेळी एवढं मिळालं म्हणजे चांगलं मिळालं. ३२ हजारासाठी कोटेशन तोडून मागा, डीटीपी किती, मुखपृष्ठ किती, कागद-छपाई किती, बाइंडिंग किती. तोडलं की हलतं. आणि फोनवर ठरलं ते सगळं त्याच रात्री मेलवर लिहून पाठवा, 'आज बोलल्याप्रमाणे' म्हणून.

वावरातली_वही

मेल पाठवलं आत्ताच.

हो, अन् ते हक्क कोणाच्या नावानं छापायचे ते विचारून राहिले प्रकाशक. घरी वाचनालयातलं सांगितलं बायकोच्या नावाचं, तर हे म्हणतात मग तू माह्या नावानं टाक. मी म्हटलं आधी वाच त. काल रात्री पहिली कथा वाचली त्यांनी, मशीनजवळ बसून, बोट ठेवून. दुसरी अजून बाकी आहे.